स्तनाला आधार देणारे वस्त्र हा रेडिओथेरपीचाच भाग

स्तनाच्या कर्करोगात स्तन वाचवून फक्त गाठ काढली, तर बहुतेक रुग्णांना पुढे रेडिओथेरपी घ्यावी लागते. उपचाराच्या आखणीसाठी स्कॅन काढतात त्या, म्हणजे सीटी सिम्युलेशनच्या दिवशी बाई जशी झोपते, तशीच तिला यंत्राखाली दर वेळी झोपावे लागते. ब्रेस्ट बोर्ड या आधारफळीवर पाठ टेकवून हात डोक्यावर नेतात आणि त्वचेवर गोंदलेले बारीक ठिपके लेसरच्या रेषांशी जुळवतात. पाठ आणि हात त्यामुळे जागेवर राहतात. स्तन मात्र मोकळाच असतो. डोके-मानेच्या कर्करोगात चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा ही नित्याची गोष्ट आहे. स्तनाच्या बाबतीत तेवढा काटेकोरपणा का नाही, हे महाराष्ट्रातील रुग्णालयांना विचारायला हवे.

स्तन लहान असेल तर फारसे अडत नाही. मोठा किंवा ओघळलेला स्तन उताणे झोपल्यावर काखेकडे कलतो. मग किरणांचा पट्टाही तितका मागे न्यावा लागतो आणि फुप्फुसाचा, डाव्या बाजूला हृदयाचाही, जास्त भाग त्यात सापडू शकतो. सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हृदयाला मिळणारी किरणांची सरासरी मात्रा एका ग्रेने (ग्रे हे या मात्रेचे एकक) वाढली की हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण 7.4 टक्क्यांनी वाढते. दुसरा त्रास स्तनाखालच्या घडीचा. उच्च ऊर्जेचे किरण सर्वाधिक मात्रा त्वचेच्या थोडे आत देतात, म्हणून त्वचा बरीचशी बचावते. घडीत त्वचेला त्वचा टेकली की हा बचाव संपतो. तिथे आधी लाली येते, मग सालपट निघून पाणी सुटते. काही ठिकाणी स्तन चिकटपट्टीने ओढून धरतात. अशा हुळहुळ्या त्वचेवरून पट्टी सोलून काढताना होणारी आग टाळता येण्याजोगी आहे.

इंग्लंडमधील शेफिल्ड हॅलम विद्यापीठात हायडी प्रॉब्स्ट यांच्या गटाने रेडिओथेरपीत स्तनाला आधार देण्यासाठी खास ब्रा विकसित केली. तिची रचना ठरवताना रुग्ण स्त्रिया आणि रेडिओथेरपी देणारे तंत्रज्ञ यांना सोबत घेतले गेले. बाजारातली नेहमीची ब्रा इथे चालत नाही. जाड कापड किंवा शिवण त्वचेवर आली तर घडीसारखाच परिणाम होऊन त्वचेची मात्रा वाढते, आणि धातूचे हूक किंवा तार तर नकोच. कापड पातळ हवे, वस्त्र दर वेळी त्याच जागी बसायला हवे आणि सिम्युलेशनही ते घालूनच व्हायला हवे.

अंग झाकलेले राहणे हा या वस्त्राचा दुय्यम फायदा मानू नये. कमरेपर्यंत उघडे, हात वर आणि भोवती अनोळखी माणसे, अशा स्थितीत अंग आपोआप आखडते, आणि आखडलेले अंग ठिपक्यांशी नीट जुळत नाही. काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा धरलेला असतो, त्यात ही भर. स्तन पूर्ण काढलेल्या बाईला आधाराची गरज नसली, तरी समोरून उघडणाऱ्या, एकच बाजू मोकळी करणाऱ्या गाऊनची असतेच.

गर्दीच्या विभागात वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे. पण उपचारांच्या खेपा आता कमी होत आहेत. 15 खेपांत 40 ग्रे या पद्धतीनंतर 2020 मध्ये ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने 5 खेपांत 26 ग्रे पुरेसे ठरू शकतात असे दाखवले. पाचांतली एक खेप चुकीच्या स्थितीत गेली, तर पाचवा हिस्सा उपचार बिघडतो. सूज वाढली किंवा जखम ठणकत असली तर वस्त्र काहींना सोसणार नाही, आणि त्याचा लाभ कोणाला किती होतो याचा पुरावा अजून मोठ्या चाचण्यांतून यायचा आहे. म्हणूनच परळचे टाटा मेमोरिअल आणि खारघरचे अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संस्थांनी इथल्या स्त्रियांच्या मापांवर, इथल्या दमट हवेत त्याची चाचणी घ्यावी. गाऊनसाठी मात्र चाचणीची वाट पाहण्याचे कारण नाही. तो कोणताही महिला बचत गट शिवू शकतो, आणि सरकारी रुग्णालयांनी तो प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी मोफत द्यावा.