अंतर नकाशावरचे आणि राजकारणातले

मुंबई आणि कराची या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. मुंबईहून दिल्ली यापेक्षा दूर आहे आणि कोलकाता तर जवळजवळ दुप्पट दूर. जेट विमानाला ही वाट कापण्यास दीड तास पुरेसा आहे. परंतु थेट विमानसेवा नसल्यामुळे प्रवाशाला दुबईसारख्या तिसऱ्याच ठिकाणी जाऊन विमान बदलावे लागते. हा वळसा ३,१०० किलोमीटरांच्या घरात जातो आणि मधला खोळंबा धरला तर दीड तासाच्या वाटेवर दिवस मोडतो. भूगोलाने शेजारी ठेवलेल्या शहरांना राजकारण किती दूर लोटू शकते, याचा हा रोकडा हिशेब आहे.

सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतील १८५५ साली स्थापन झालेली सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपालाचे विमान आणले आणि भारतीय विमानवाहतुकीचा पाया याच वाटेवर घातला गेला. १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केले. मधल्या काळात फाळणी झाली, तीन युद्धे झाली, तरी ती वाट त्या दिवशी मोकळी होती.

आकाशाला कुलूप घालण्याचा प्रयोग मात्र नवा नाही. १९७१ मध्ये विमान-अपहरणानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून मज्जाव केला, तेव्हा ढाक्याला जाणारी त्यांची विमाने श्रीलंकेला वळसा घालू लागली. दोन्ही देशांतील विमानसेवा पूर्ववत होण्यास १९७६ साल उजाडावे लागले. २००२ मध्ये आणि २०१९ मध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही देशांनी पुन्हा एकमेकांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. परिणामी दिल्लीहून युरोप-अमेरिकेस जाणाऱ्या भारतीय विमानांचा वेळ आणि इंधनाचा खर्च वाढला, तर पाकिस्तानला आकाश-शुल्कावर पाणी सोडावे लागले.

निरपराधांची हत्या झाल्यावर शासनाने स्वस्थ बसावे, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, या उपायाने इजा नेमकी कोणाला होते? नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर चालून आलेले मारेकरी कराचीहूनच निघाले होते. पण ते तिकीट काढून, पारपत्र दाखवून आले नव्हते, समुद्रातून लपतछपत आले होते. जो प्रवासी उघडपणे अर्ज करतो, चौकशीला सामोरा जातो आणि परवाना मिळाल्यावरच निघतो, त्याच्यापासून देशाला असलेला धोका वळशाच्या मार्गाने कमी होत नाही. कमी होते ती केवळ फाळणीने दुभंगलेल्या कुटुंबातील वृद्धांची, हयात आप्तांना एकदा भेटण्याची आशा.

म्हणून परवान्याची चाळणी हवी तितकी बारीक असावी. परंतु त्या चाळणीतून उतरलेल्याला सरळ वाट मिळावी. आजच्या वातावरणात हे उद्याच घडेल, अशी अपेक्षा भाबडी ठरेल. तथापि संबंध सुधारण्याची वेळ येईल तेव्हा शिखर-परिषदांच्या थाटामाटाआधी हे दीड तासाचे उड्डाण सुरू करणे, हाच खऱ्या शहाणपणाचा आरंभ होय.