"गॅस संपला असेल!"

मित्रहो, "गाडीचा एसी गार करत नाही" असं कुणालाही सांगून बघा. समोरचा क्षणाचाही विचार न करता म्हणेल, "गॅस संपला असेल, भरून घे." आणि समोरचा मेकॅनिकलचा विद्यार्थी असेल तर हेच उत्तर जरा जड इंग्रजीत देईल. हे मी खात्रीने सांगतोय, कारण तसं उत्तर देणारा मीच होतो.

माझे मामा जळगावला टॅक्सी चालवतात. स्वतःची गाडी, सेकंडहँड. स्टेशनवरून अजिंठ्याची लेणी बघायला जाणारी माणसं न्यायची-आणायची. जळगावचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना एसी म्हणजे चैन नव्हे हे वेगळं सांगायला नको. पारा ४४ वर आणि एसी बंद, म्हटल्यावर पॅसेंजर भांडणारच. एकाने तर अर्धेच पैसे दिले. त्या रात्री मामांचा फोन आला, "भाचेबुवा, तू इंजिनिअर होतोयस ना? सांग बरं काय झालंय."

नुकताच आरएसीचा पेपर देऊन आलो होतो. पी-एच डायग्राम डोळे मिटून काढता येत होता. मी ऐटीत सांगितलं, "मामा, रेफ्रिजरंट चार्ज कमी झालाय. भरून घ्या." मामांनी भरून घेतला. चार दिवसांनी तीच तक्रार. पुन्हा दुसऱ्या गॅरेजमध्ये भरला. पुन्हा तेच, उलट आणखी वाईट! तीन हजारांच्या आसपास गेले, शिवाय बुडालेल्या ट्रिपा वेगळ्या. मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

सुट्टीत गेलो तेव्हा मामांनी ओळखीतल्या एका म्हाताऱ्या एसी मेकॅनिककडे गाडी नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी ना बॉनेट उघडलं ना गेज लावला. आधी विचारलं, "गरम कधी होतो?"

मामा म्हणाले, "हायवेला मस्त गार असतो. गावात ट्रॅफिकमध्ये अडकलो की गरम हवा."

बस्स! निदान अर्धं इथेच झालं होतं. हा प्रश्न आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी विचारला नव्हता आणि (लिहायला लाज वाटते) मीही विचारला नव्हता. विचार करा ना. गाडी पळते तेव्हा समोरून येणारा वारा कंडेन्सरला थंड करतो. गाडी उभी राहिली की ते काम पंख्याचं. म्हणजे पळताना गार आणि थांबल्यावर गरम, तर पहिला संशय पंख्यावर. चाचांनी इंजिन सुरू करून एसी लावायला सांगितला आणि पुढे बोट दाखवलं. कंडेन्सरचा पंखा ढिम्म हलत नव्हता.

मग त्यांनी गेज लावला. हाय साइडचा काटा चढत चढत ३५० पीएसआयच्या पुढे गेला. तेवढ्या उन्हातही तो २५० च्या आसपास हवा. चाचांनी बादलीभर पाणी कंडेन्सरवर ओतलं. काटा झर्रकन खाली आला आणि आत गार हवा सुरू! मग हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी बसवला. पंखा फिरला. रिले जळला होता, एवढंच. किंमत अडीचशे रुपये.

पण गोष्ट इथे संपत नाही. पंखा फिरूनही दाब जास्तच होता. कारण? आम्ही दोनदा भरलेला गॅस! बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलं होतं. चाचांनी मशीनने गॅस काढून वजन केलं तर ६०० ग्रॅमच्या आसपास निघाला. कंडेन्सरमध्ये जादा द्रव साठला की वाफेला थंड व्हायला जागाच उरत नाही, दाब वाढतो आणि प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो. म्हणजे मी सांगितलेल्या औषधाने आजार वाढला होता.

तुम्ही म्हणाल, गॅरेजवाल्यांनी गॅस चेक केलाच असेल की! केला होता. गाडी बंद असताना. आता थर्मोचं पहिलं प्रकरण आठवा. द्रव आणि वाफ एकत्र असताना दाब फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४ए चा ४० अंशांना गेजवरचा दाब सुमारे १३० पीएसआय. सिस्टिममध्ये १५० ग्रॅम असो की ६०० ग्रॅम, थोडा द्रव शिल्लक आहे तोवर बंद गाडीत काटा तेवढाच दाखवणार. तेव्हा बंद गाडीतल्या गेजवरून 'गॅस किती आहे' हे कळतच नाही, तो वजन करूनच भरायचा असतो. ओरलला विचारलं असतं तर हे मी धडाधड सांगितलं असतं. मामांच्या गाडीबाबत मात्र आठवलं नाही.

आणखी एक. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. काही वर्षांत होजमधून, सीलमधून थोडा झिरपतो, हे खरं. पण चार दिवसांत 'संपला' तर कुठेतरी गळती आहे, ती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. शिवाय बऱ्याच ठिकाणी नवा भरायच्या आधी जुना सरळ हवेत सोडतात. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट उष्णता अडवतो. म्हणजे एका लहान गाडीतला ४५० ग्रॅम गॅस सोडणं हे पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळण्याइतकं झालं. असे गॅस कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगालीचा करार झाला, भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला आणि आपली कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. करार सरकार करेल हो, पण व्हॉल्व्ह गल्लीतल्या गॅरेजमध्येच उघडतो ना!

असो. खरा मुद्दा पुढेच आहे. चाचांनी बिल सांगितलं. रिलेचे अडीचशे, गॅस काढून मोजून भरण्याचे वेगळे आणि 'बघायचे' पाचशे. मामा लगेच म्हणाले, "चाचा, बघायचे कसले पाचशे? पाच मिनिटं तर लागली!" नको असलेल्या गॅसचे तीन हजार त्यांनी मुकाट्याने मोजले होते, कारण काहीतरी 'भरलं' होतं. ज्याने बिघाड शोधला त्याच्याशी मात्र घासाघीस! चाचा हसून म्हणाले, "म्हणून तर सगळे गॅस भरतात, भाऊ. शोधायचे पैसे कोण देतं?"

माझ्या मते सगळा रोग इथे आहे. आपण पार्टचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. मग गॅरेजवाला निदान कशाला करेल? आणि मित्रहो, आपण चार वर्षं घासतोय ती पदवी तरी कशाची आहे? बिघाड शोधण्याचीच ना? ज्या कामाला आपण घरी किंमत देत नाही, त्याच कामाचा पगार उद्या कंपनीकडे कोणत्या तोंडाने मागणार?

कॉलेजकडे एकच मागणी आहे. लॅबमधल्या एसीच्या टेस्ट रिगवर दर वर्षी तीच रीडिंग घेऊन तोच सीओपी काढण्यापेक्षा सरांनी एकदा गुपचूप त्यात बिघाड करून ठेवावा. पंख्याची वायर काढा, गॅस जास्त भरा, आणि आम्हाला शोधायला लावा. मार्क त्यालाच द्या. मागच्या बॅचचं जर्नल तिथे कामाला येणार नाही.

मामांनी शेवटी पाचशे दिले. खरं तर ते मी द्यायला हवे होते. आता मामांचा फोन आला की मी आधी विचारतो, "कधी होतं असं?"