बियाणं उगवलं नाही, तर दोष कुणाचा?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण पेरणीच्या आधी वाचा आणि घरात जो शेती बघतो त्याला वाचून दाखवा.

जूनअखेर तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलात की एकच विषय असतो. सोयाबीन उगवलं नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, पाऊस कमी होता, खोल पेरलं असेल. दुकानदार म्हणतो, मी तर सीलबंद बॅग विकली. दोघांचंही ऐकून शेतकरी दुबार पेरणीसाठी उसनवारी शोधायला निघतो. पंचनामा होईपर्यंत पेरणीची वेळ निघून गेलेली असते.

२०२० आठवा. सोयाबीनच्या उगवणीच्या तक्रारींचा राज्यभर ढीग लागला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पण त्या गोंधळाचं मूळ आदल्या वर्षात होतं, हे फार कुणी बोललं नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीने काढणीला आलेलं सोयाबीन भिजवलं. शेंगेत पक्व झालेला दाणा भिजला, वाळला, परत भिजला. त्यात त्याचा जोम जातो. मग तोच माल पुढच्या खरिपात बियाणं म्हणून पेरला जातो.

बी म्हणजे नुसता दाणा नाही, तो झोपलेला जीव आहे. सोयाबीनचा अंकुर पातळ सालीच्या अगदी आत असतो. ज्वारी-गव्हासारखं त्याला जाड संरक्षण नाही. मळणीयंत्र जोरात फिरवलं, हमालाने पोतं उंचावरून आपटलं, थप्पी जास्त उंच लावली, की आतला अंकुर दुखावतो. वरून दाणा टपोरा दिसतो, पण मातीत गेला की कुजतो. म्हणून बियाण्याच्या मळणीला यंत्राचे फेरे ४०० च्या आत ठेवा, ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणा, असं कृषी विद्यापीठं सांगत आली आहेत. सांगितलं जातं, पण मळणीच्या वेळी बांधावर येऊन बघतंय कोण?

आता दुसरा मुद्दा, जो आपल्या खिशाचा आहे. सोयाबीनचं फूल उमलण्याआधीच स्वतःच्याच परागाने फळतं. परपरागीकरण नावापुरतं, एक टक्क्याच्या आत. त्यामुळे सरळ वाणाचं घरचं बियाणं पुढच्या वर्षीही त्याच गुणाचं निघतं. प्रमाणित बियाणं एकदा घेतलं की त्याचं उत्पादन पुढे दोन वर्षं बियाणं म्हणून वापरता येतं. संकरित कपाशीचं तसं नाही. तिथे दोन वेगळ्या वाणांचा संकर केलेला असतो, पुढच्या पिढीत गुण फुटतात, म्हणून दरवर्षी पाकीट घ्यावंच लागतं. कपाशीची ही सवय आपण सोयाबीनलाही लावून घेतली. नवं वाण हवं तेव्हा बॅग जरूर घ्या. पण दरवर्षी सगळ्या रानासाठी बॅगा कशाला?

आणि हा हक्क कायद्याने दिलेला आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानुसार शेतकरी आपलं बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

बॅगेच्या बाबतीत मात्र कायदा फार मवाळ. १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये! शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळेल असं कलमच त्यात नाही. म्हणून तो ग्राहक मंचात जातो. शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं, तेवढाच आधार. नव्या विधेयकाची चर्चा २००४ पासून ऐकतोय.

काही जण म्हणतील, मग सगळा दोष कंपन्यांचाच का? नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हायच्या आत तिफण घालणारे, बी पाच-सहा सेंटिमीटर खोल गाडणारे आपल्यातही आहेत. पण त्याआड खराब लॉट लपवू देऊ नका. बी आधीच तपासलेलं असेल, तर नंतर कुणाला एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही.

तपासणी सोपी आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. सहा-सात दिवसांनी उघडा. ७० चांगले उगवले तर एकरी ३० किलो पेरा. ६० ते ७० च्या मध्ये असतील तर बियाणं वाढवा. ६० च्या खाली गेलं तर ते बी पेरू नका. विकतच्या बॅगेचंही हेच करा. बिल, टॅग, पिशवी आणि मूठभर बी जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

माझी मागणी साधी आहे. मे महिन्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत कृषी सहायकाच्या समोर उगवण तपासणीचा एक दिवस ठरवा. लॉट नंबरनुसार निकाल चावडीवर लावा. जो लॉट नापास, तो पेरणीआधी दुकानातून उचला. याला नवा निधी लागत नाही. गोणपाट आणि इच्छाशक्ती एवढंच लागतं.

तुमच्या गावात अशी तपासणी झाली का? कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. जिथे झाली नाही, तिथल्या सरपंचांना ही पोस्ट पाठवा.