आपल्यात कागद कशाला?

सेमाडोहच्या खोलीत मी जूनमध्ये राहायला गेलो, तेव्हा बोलणे तीन महिन्यांचे झाले होते. कंत्राटी काम लांबले, तसा मुक्कामही लांबला. घरमालकांनी सप्टेंबरचे भाडे घेतले, ऑक्टोबरचेही घेतले. मग दिवाळीच्या सुट्ट्या आल्या. मेळघाटात पर्यटक येऊ लागले की महिन्याच्या भाडेकरूपेक्षा रोजाचा पाहुणा परवडतो. मी परतवाड्याहून परत आलो, तर दाराला नवे कुलूप होते. माझी गादी, पेटी आणि शेगडी ओसरीवर पडली होती.

‘‘बेटा, तुझे तीन महिने केव्हाच संपले,’’ चाचा म्हणाले.

मी सामान उचलले, सलाम केला आणि एसटी पकडली. कुलपाचा राग केव्हाच गेला; पण आपण काहीच बोललो नाही, याची लाज अजून वाटते.

चाचा वाईट माणूस नव्हते. आपल्याच समाजातले, अब्बांच्या ओळखीचे. पहिल्याच दिवशी मी कागदाचा विषय काढला होता. ‘‘आपल्यात कागद कशाला?’’ एवढ्यावर तो संपला. मीही आग्रह धरला नाही. अमरावतीत शिकताना नाव सांगताच ‘‘खोली कालच गेली’’ हे उत्तर मी कितीतरी दारांत ऐकले आहे. ज्याला खोली मिळणेच मुश्कील, तो मिळालेली खोली उपकार समजतो. आणि उपकाराची पावती कोण मागतो?

पण भाडे हा उपकार नव्हे, व्यवहार आहे. मुदत संपली म्हणून भाडेकरू एका रात्रीत घुसखोर ठरत नाही. सेमाडोहसारख्या गावात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ पाहावा लागतो. त्याचे कलम ११६ सांगते की, मुदतीनंतरही भाडेकरू राहिला आणि मालकाने भाडे स्वीकारले, तर राहण्याची ती खोली महिन्या-महिन्याच्या भाड्याने पुढे चालू राहते. ती रिकामी करून घ्यायची तर कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी. म्हणजे सप्टेंबरचे भाडे खिशात टाकले, तेव्हाच चाचांनी मला नव्याने भाडेकरू केले होते. मला ते माहीत नव्हते आणि बहुधा त्यांनाही नव्हते.

शहरात गणित वेगळे आहे. अमरावती-अकोल्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागतो. तिथे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही राहिलात, तर कलम २४ खाली दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. तेव्हा अकरा महिन्यांच्या करारावर सही करताना शेवटची तारीख नीट वाचा. मात्र त्याच कायद्याचे कलम ५५ म्हणते की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असेल, तर मालकाने सिद्ध करायचे. ‘कागद कशाला’ म्हणणाऱ्या मालकाने हे एकदा वाचावेच.

कोणी म्हणेल, घर त्याचे, मर्जी त्याची; भाडेकरू बळकावून बसला तर त्याने काय करायचे? ही भीती खोटी नाही. पण त्यावर इलाज न्यायालय आहे, कुलूप नव्हे. शांतपणे राहत असलेल्या माणसाला, त्याचा राहण्याचा हक्क संपला असे धरले तरी, कायद्याची वाट सोडून बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णा राम महाले खटल्यात स्पष्ट केले. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो. माझे सहा महिने सलाम करण्यात गेले.

आता थोडे कडू. नाव ऐकून खोली नाकारणाऱ्यांविरुद्ध आपण बोलतो, बोललेच पाहिजे. पण आपल्याच मोहल्ल्यात दोन खोल्या भाड्याने देणारे आपण, भाडेकरूला पावती देतो का? मुदतीनंतर भाडे घेत राहायचे आणि गरज पडली की ‘तुझी मुदत संपली’ म्हणायचे, हे आपल्या घरात चालत नाही का? बाहेरच्यांकडे न्याय मागायचा, तर ओसरीवरची गादी आपल्यालाही दिसली पाहिजे.

म्हणून एवढे करा. भाडे रोख देऊ नका; फोन-पेवर महिना लिहून पाठवा. रोखच द्यावे लागले, तर पावती मागा. मुदत वाढली की व्हॉट्सॲपवर का होईना, दोन ओळींत मालकाचा होकार घ्या. कुलूप लागले, तर फोटो काढा, सामानाची यादी करा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथे वकील मोफत मिळतो.

आणि कुणी चाचा म्हणाले, ‘‘आपल्यात कागद कशाला?’’ तर अदबीने सांगा, ‘‘चाचा, आपल्यातच राहावे म्हणून.’’