जुना रेल्वे पूल, भंगार आणि पायी चालणारी माणसं

आपल्याकडे रेल्वेचा एखादा मार्ग बंद पडला की सरकारी डोक्यात दोनच पर्याय येतात. भंगारात काढा, नाहीतर गाड्यांसाठी रस्ता करा. त्यावरून माणसं चालू शकतात, सायकली जाऊ शकतात, हा तिसरा पर्याय यादीतच नसतो.

उदाहरण घरचंच घ्या. नायगाव-भाईंदर दरम्यान वसईच्या खाडीवर नवे रेल्वे पूल झाले आणि शेजारचा जुना लोखंडी पूल रिकामा पडला. तो हलक्या वाहनांसाठी खुला करा, अशी मागणी बरीच वर्षं झाली. पूल कमकुवत आहे म्हणून रेल्वेने नकार दिला आणि तो पाडायचं ठरवलं. मागणी वाहनांची, उत्तरही वाहनांचंच. पायी जाणाऱ्याचं नाव ना अर्जात, ना उत्तरात.

आता जरा हिशेब करू (सवय, दुसरं काय!). आजची भरलेली मालगाडी रुळाच्या दर मीटरवर सात-आठ टन टाकते. जुन्या काळची थोडी हलकी धरा. पादचारी पुलासाठी खच्चून गर्दी धरली तरी साधारण चौरस मीटरला अर्धा टन पकडतात. म्हणजे दोन मीटर रुंद वाटेला दर मीटरमागे एक टन. खाऱ्या हवेतलं लोखंड गंजतं, तपासणी लागते, डागडुजीला पैसे लागतात, सगळं मान्य. पण 'मोटारी पेलेल का' आणि 'माणसं पेलेल का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर नाही आलं म्हणून दुसरा विचारायचाच नाही, हे कुठलं इंजिनीअरिंग?

लगेच कुणीतरी म्हणणार, "अरे, ही न्यूयॉर्कची फॅशन. इथे लोकांना लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि तू सायकल ट्रॅकच्या गप्पा मारतोस." हा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो बरोबर उलटा आहे. न्यूयॉर्कची हाय लाइन २००९ साली फिरायला खुली झाली, ती असेल हौस. नायगाव-भाईंदरच्या मधोमध पाणजू बेट आहे. तिथली माणसं होडीने येतात-जातात. होडी नसेल तेव्हा चालू रेल्वे पुलाच्या कडेने चालतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथला एक तरुण असाच चालला होता. धावत्या गाडीतून कुणीतरी खाडीत टाकलेला नारळ लागून तो गेला. वैतरणा आणि सफाळ्याच्या मध्ये वाढीवची माणसंही वर्षानुवर्षं रेल्वे पुलावरूनच ये-जा करत आली, आणि त्यात जीव गेले आहेत. ही काय मॉर्निंग वॉकची मंडळी आहेत? आपण रूळ ओलांडण्यावर दंड लावतो, पोस्टर लावतो. पण वाटच दिली नाही तर माणूस जाणार कुठून?

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: रेल्वेला पुढे जागा लागली तर? याचं उत्तर अमेरिकेने १९८३ सालीच कायद्यात लिहून ठेवलंय. बंद मार्गाचा पट्टा अखंड ठेवायचा, तोवर लोकांनी वापरायचा, आणि रेल्वेला परत हवा झाला तर तिचा हक्क शाबूत. उलट, रिकामा ठेवलेला पट्टाच अतिक्रमणात आधी जातो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ हा बंद पडलेला मार्ग १९७९ ते १९८६ या काळात टप्प्याटप्प्याने वाट झाला. सुमारे २१ किलोमीटर, आणि लोक त्यावरून कामाला जातात. आपल्या विदर्भातल्या शकुंतलेचाच विचार करा. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी ती नॅरोगेज पुन्हा सुरू व्हावी ही तिथल्या लोकांची मागणी रास्तच आहे. पण ती होईपर्यंत पट्टा राखायचा असेल, तर त्यावर रोज माणसं चालती ठेवण्याइतकी स्वस्त राखण दुसरी नाही.

वसई-विरारपुरतं बोलायचं तर खाडीपलीकडे रस्त्याने जायला घोडबंदरचा ३० किलोमीटरहून जास्त वळसा पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, चांगलं झालं. पण बोट वेळापत्रकावर चालते, माणूस गरजेवर. भाईंदर-नायगाव रस्ता पुलाचा प्रस्ताव तर वर्षानुवर्षं कागदांवर फिरला. त्याच्या बातम्यांत लेन किती, खर्च किती, एवढंच वाचायला मिळतं.

म्हणून माझं म्हणणं दोनच ओळींचं आहे. एक, रेल्वेने कुठलाही पूल किंवा मार्ग मोडीत काढण्याआधी 'पायी आणि सायकलने वापरता येईल का' याची तपासणी करून अहवाल जाहीर करावा. दोन, खाडीवर जो काही नवा पूल होईल, त्यावर कठडा घालून वेगळी केलेली, पाणजूला उतरणारी चालण्याची आणि सायकलची वाट हवी. नंतर जोडू म्हणाल तर ती कधीच जोडली जात नाही. आपल्या धंद्यात हे कुणाला वेगळं सांगायला नको :-)

वसई-विरारकर असाल तर महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला एवढंच विचारा: पाणजूच्या माणसाने होडी चुकल्यावर घरी जायचं कसं?