त्यांचं त्यांना ठरवू देऊ नका

घरात दोन कुत्री आहेत आणि ती एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली आहेत असं कुणी सांगितलं, की पहिला सल्ला ठरलेला असतो. “मध्ये पडू नका. एकदाचं होऊन जाऊ दे. वरचढ कोण ते त्यांचं त्यांना ठरवू दे.” सकाळी फिरायला येणारे शेजारी हे सांगतात, काही ट्रेनर सांगतात, अधूनमधून आमच्यातले डॉक्टरही सांगतात. त्या सल्ल्यानंतरचे टाके मी घालतो. म्हणून या आठवड्यात फक्त त्याबद्दल.

हा सल्ला लांडग्यांवरून आला. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. तिथली भांडणं पाहून, कळपात सतत सत्तेसाठी झुंज चालते अशी समजूत तयार झाली. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकानं ती लोकांपर्यंत नेली. पुढे याच मीच यांनी कॅनडातल्या एल्समिअर बेटावर कित्येक उन्हाळे रानातले लांडगे जवळून पाहिले आणि १९९९ साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. लढून पुढारी होण्याचा तिथं प्रश्नच येत नाही. आपलीच मांडणी इतक्या जाहीरपणे दुरुस्त करणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर आहे. ती दुरुस्ती आपल्याकडे पोचली नाही, याचं वाईट वाटतं.

शिवाय भांडण ‘एकदाचं होऊन’ संपत नाही. ज्याला मार बसला तो घाबरतो, आणि घाबरलेलं कुत्रं पुढच्या वेळी आधीच दात लावतं. ज्यानं मारलं त्याला कळतं, की चावलं की समोरचा बाजूला होतो. दोघंही शिकतात, आणि दोघंही नको तेच शिकतात.

माझ्याकडे वारंवार येणारी जोडी अशी : आठेक वर्षांची लॅब्रॅडॉर मादी आणि रस्त्यावरून पिल्लू असताना उचलून आणलेली, आता दोन वर्षांची झालेली देशी मादी. घरच्यांना समजतच नाही काय बिघडलं. “डॉक्टर, इतके दिवस एका गादीवर झोपायच्या हो!” बरोबर आहे, पण तेव्हा धाकटी पिल्लू होती. साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रं स्वभावानं प्रौढ होतं. मोठ्या कुत्रीनं गुरकावलं की पिल्लू उताणं पडायचं, ती आता पडत नाही. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी घरात भांडणाऱ्या ३८ जोड्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या ३० जोड्या एकाच लिंगाच्या होत्या. माद्यांची भांडणं अधिक, आणि सुरुवात बहुतेक वेळा घरात नंतर आलेल्या, वयानं लहान कुत्र्याकडून. आपल्या घरांतलं चित्र मला यापेक्षा वेगळं दिसत नाही.

पण धाकटी वयात आली एवढ्यानं रक्त निघत नाही. मोठीला काय होतंय, हे आधी बघायला हवं. आठ वर्षांच्या लॅब्रॅडॉरचे खुबे दुखत असतात, कोपरं दुखत असतात, आणि ती लंगडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. धाकटी खेळायला म्हणून अंगावर उडी मारते, कळ जाते, मोठी फाडकन चावते. घरच्यांना वाटतं, हिचा स्वभाव वयामुळे चिडका झाला. कानातला संसर्ग, किडलेला दात, कमी झालेली नजर, यांतलं काहीही असू शकतं. माझा आग्रह आहे, की ट्रेनरला फोन करण्याआधी दोघींची नीट तपासणी करून घ्या, मोठीचा एक्स-रे काढा. दुखण्यावरच्या औषधानं भांडणं निम्म्यावर आलेली मी पाहिली आहेत.

नसबंदीबद्दल सगळेच विचारतात. माजावर आलेल्या मादीमुळे दोन नर भांडत असतील तर फायदा होतो. दोन माद्यांमधलं वैर केवळ शस्त्रक्रियेनं जाईल असं मी कुणाला सांगत नाही. गर्भाशयाच्या आजारांसाठी ती करावीच, हा वेगळा विषय.

आता घराकडे बघू. भांडण नेमकं कुठं होतं हे विचारलं की बहुतेकांची उत्तरं त्याच चार-पाच जागांची असतात : दाराची बेल वाजल्यावर, घरचं माणूस कामावरून आल्यावर, सोफ्यावर, स्वयंपाकघराच्या दारात, आणि हॉलमधून बेडरूमकडे जाणाऱ्या बोळात, जिथं दोघींना एकमेकींना टाळून जाताच येत नाही. बंगला किंवा रो हाउस असेल तर फाटकापाशी. बाहेरून रस्त्यावरची कुत्री जातात, आत दोघी भुंकून बेभान होतात, बाहेरच्यांपर्यंत पोचता येत नाही, आणि तोच राग शेजारच्या बहिणीवर निघतो. दिवाळीत फटाक्यांच्या भीतीनंही हेच होतं. खाण्यावरून तर होतंच. आजी जेवताना मायेनं पोळीचा तुकडा खाली टाकतात आणि दोघी एकदम झेपावतात. म्हणून मी सल्ल्यासाठी आजींना आवर्जून बोलावतो. सगळ्यात जास्त वेळ घरात त्याच असतात, आणि त्यांनी मनावर घेतलं की घराची घडी लवकर बसते.

पहिलं भांडण रक्तापर्यंत गेलं असेल, तर त्या दिवसापासून दोघींना वेगळं ठेवा. मध्ये बंद दार हवं, किंवा लहान मुलांसाठी लावतात तसं भक्कम जाळीचं फाटक. पाळीनं एक हॉलमध्ये, एक आतल्या खोलीत. जेवण वेगळ्या खोल्यांत, हाडं आणि खेळणी उचलून ठेवलेली. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात. “म्हणजे एकीला कोंडायचं?” त्यांचं दुःख मला कळतं, पण वेगळं ठेवणं ही शिक्षा नाही, उपचाराची सुरुवात आहे. सतत पहाऱ्यात जगणाऱ्या कुत्र्याचं डोकं शांत व्हायला काही आठवडे लागतात. बंद दाराआड, कुणी अंगावर येणार नाही या खात्रीनं, दोघीही किती दिवसांनी गाढ झोपल्या हे घरच्यांनीच मला पुढच्या भेटीत सांगितलेलं आहे.

पुन्हा भेट घडवायची ती घराबाहेर. दोन माणसं, दोन पट्टे, मोकळं मैदान. एकमेकींकडे निवांत बघता येईल इतकं अंतर ठेवून एकाच दिशेनं चालायचं. बघितलं आणि नजर काढून घेतली की खाऊ द्यायचा. अंतर कमी करायचं ते आठवड्यांच्या हिशेबानं. दरम्यान दोघींना टोपलीसारख्या मुसक्यांची सवय लावावी, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी पट्टीनं तोंड घट्ट बांधू नका, आपल्या उन्हाळ्यात ते जिवावर बेतेल. अंग ताठ होणं, नजर रोखणं, दारात आडवं उभं राहणं, ओठ चाटणं या खुणा घरातल्या प्रत्येकाला ओळखता आल्या पाहिजेत. आणि गुरगुरल्याबद्दल रागवू नका, मारू तर मुळीच नका. गुरगुरणं म्हणजे ‘लांब हो’ असं सांगणं. ते मारून बंद केलं, की कुत्रं न सांगता चावू लागतं.

तरीही जुंपलीच, तर हात मध्ये घालू नका, मानेचा पट्टा धरू नका. मालकांना होणाऱ्या जखमा बहुतेक याच क्षणी होतात. मोठा आवाज करा, पाणी ओता, जाड चादर टाका, खुर्ची किंवा मोठा पाट मध्ये सरकवा. सुटल्या की दोन खोल्यांत नेऊन दारं लावा. सुळ्याचं भोक वरून इवलंसं दिसतं, आत कातडीखालचं मांस फाटलेलं असतं. हळद दाबून थांबू नका, दाखवायला आणा. माणसाला दात लागला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरीही.

काही जोड्या जमत नाहीत. सगळं करूनही एकीच्या जिवाला धोका राहतो, घरात लहान मूल असतं, वेगळ्या खोल्या करायला जागाच नसते. अशा वेळी एकीला दुसरं घर शोधणं हा पराभव मानू नये. इथं रोज लढणारी मादी एकटीच कुत्री असलेल्या घरात अगदी शांत राहू शकते. मात्र ‘मूळची रस्त्यावरचीच होती’ म्हणत तिला पुन्हा रस्त्यावर सोडू नका. घरात वाढलेलं कुत्रं तिथं उपाशी मरतं, नाही तर तिथल्या कुत्र्यांकडून फाडलं जातं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, उपासमारीनं हाल होतील अशा रीतीनं जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. मला या आकड्याची लाज वाटते. नवं घर शोधताना भांडणांचा सगळा इतिहास, टाक्यांच्या फोटोंसकट, समोरच्यांना आधीच सांगा. त्या घरात दुसरं कुत्रं किंवा मांजर नाही ना, हे स्वतः जाऊन बघा. आणि जमलं नाही तर तिला परत घेऊ, असं त्यांना लिहून द्या.