अर्धा लिटर दूध, रोज एकदा

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

निगडीतील माझ्या दवाखान्यात एक आजी दर गुरुवारी रक्तदाब तपासायला येत. गोळी नियमित, रक्तदाब ताब्यात. मागच्या दिवाळीत मी त्यांना मोठ्या उदारपणे म्हणालो, "आजी, दर आठवड्याला कशाला पायपीट करता? आता महिन्यातून एकदा आलात तरी चालेल." त्या हसल्या, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

संक्रांतीनंतर त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला. वजन चार किलोने उतरलेले, झोप नाही, जेवणावर वासना नाही. साखर, थायरॉईड, हिमोग्लोबीन सगळे तपासले. दोष सापडला नाही. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो, सूनही नोकरी करते. तो काकुळतीने म्हणाला, "डॉक्टर, घरात काही कमी नाही. दूध, भाजी, औषधे सगळे फोनवर मागवतो. आठवा मजला आहे, पण आईला लिफ्टनेसुद्धा खाली उतरावे लागत नाही."

मी आजींना विचारले, "काल दिवसभरात कोणाशी बोललात?"

त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, "टीव्हीतल्या बाईशी. पण ती कुठे ऐकतीय?"

मग एकेक गोष्ट उलगडली. गुरुवारी दवाखान्यात जायचे म्हणून त्या बुधवारी साडी इस्त्रीला टाकीत. येताना मेडिकलवाल्याकडे थांबत, मारुतीचे दर्शन घेत, भाजीवालीकडून कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी जात. रक्तदाबाची एक फेरी मी रद्द केली आणि त्यांच्या आठवड्यातली चार माणसे कमी केली. उरलेली माणसे मुलाच्या प्रेमळ सोयीने कमी झाली होती.

वाचकहो, आपले हे गाव कामासाठी आलेल्या माणसांनी वसवले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, पुढे टेल्को आणि बजाज आले. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, सगळीकडची माणसे येथे आली. रक्ताचे नातेवाईक गावाकडे राहिले. तेव्हा दळणाच्या गिरणीत, रेशनच्या रांगेत, कंपनीच्या बसथांब्यावर नवी नाती जोडली गेली. किराणावाला काका झाला, भाजीवाली मावशी झाली. आज चाकण, मोशी, रावेतला तोच माणूस नव्याने येतो आहे, पण त्याला काका आणि मावशी भेटण्याची ठिकाणे आटत चालली आहेत. दुकानात गेलो तरी मोबाईल पुढे धरायचा. पैसे मिळाल्याचे ती छोटी डबीच बोलून सांगते. घेणारा मुका, देणाराही मुका.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता तर आरोग्याच्या सदरात मी तो काढला नसता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांचा धोका त्याने वाढतो. तरुणही यातून सुटलेले नाहीत.

त्यावर मोठी मैत्रीच हवी असेही नाही. कॅनडात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉफीच्या दुकानात जाणाऱ्या काही जणांना विक्रेत्याशी हसून दोन शब्द बोलायला सांगितले आणि काहींना झटपट काम उरकायला सांगितले. बोलून आलेले लोक अधिक प्रसन्न होते. नेदरलँड्समध्ये तर एका मोठ्या दुकानसाखळीने २०१९ पासून ज्यांना घाई नाही, गप्पा मारायच्या आहेत, अशांसाठी पैसे देण्याची वेगळी खिडकी सुरू केली. आपल्याकडे प्रत्येक किराणा दुकानाची खिडकी तशीच होती. आपण ती आपण होऊन बंद करीत आहोत.

घरपोच सेवा वाईट असे माझे म्हणणे नाही. आजारपणात, मुसळधार पावसात ती वरदानच आहे. पण म्हाताऱ्या माणसाचे काम काढून घेणे म्हणजे त्याची सेवा करणे, हा समज मात्र सोडायला हवा. म्हणून काही साध्या सूचना.

घरातील वडीलधाऱ्यांकडे रोजचे एक बाहेरचे काम ठेवा. दूध, दळण, देवाची फुले, काहीही चालेल. ते टाळत असतील तर आधी गुडघे, डोळे आणि कान तपासून घ्या. पुष्कळदा माणूस अबोल झालेला नसतो, त्याला ऐकूच येत नसते.

आपणही दुकानात शिरताना कानातली यंत्रे काढा, समोरच्याकडे बघा, "काय काका, बरं आहे ना?" एवढे विचारा. सामान घेऊन दारात येणाऱ्या मुलाला पाणी विचारा. तोही बहुधा कुठल्या तरी लांबच्या गावाहून येऊन खोलीवर राहणारा असतो. आषाढात तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा अनोळखी वारकऱ्याला आपण "माऊली" म्हणून पाणी देतोच. ती रीत वर्षभर पाळायला काय हरकत आहे?

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. उदासी, झोप न लागणे, भूक मंदावणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर केवळ गप्पांवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. आजींनाही मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, थोडे औषध लागलेच.

त्याच दिवशी माझ्या चिठ्ठीवर मी आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या : अर्धा लिटर दूध, रोज एकदा, स्वतः जाऊन आणणे. रक्तदाब, दर गुरुवारी.

गेल्या गुरुवारी आजी आल्या. वजन अजून पुरते भरलेले नाही. पण पट्टा बांधायच्या आधीच त्यांनी मला बातमी सांगितली, "दूधवाल्याची पोरगी यंदा दहावीला आहे, बरं का."